नऊ एकांचा वर्ग

आमच्या हिवरखेडात आकड्याला उगाच कोणी विचारत नाही. गट नंबर सातबाऱ्यासाठी, क्विंटल-किलो काटापट्टीसाठी, आणि कापसाचा भाव तर दिवसातून दहादा. पीककर्जाचा आकडा न विचारताही डोळ्यांसमोर उभा राहतो. इथं येणारा प्रत्येक आकडा काही मागायला येतो, नाहीतर द्यायला. म्हणूनच काहीच न मागणाऱ्या एका संख्येवर माझा जीव आहे. नऊ एक शेजारी-शेजारी लिहायचे आणि त्या संख्येला तिनंच गुणायचं.

काटापट्टीच्या कोऱ्या बाजूवर मांडून बघावं. एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडं सरकलेली. जणू पऱ्हाटीची तिरपी तासं. बेरजेला बसलं की उजवीकडच्या पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. मधल्या घरात नऊ भरतात आणि उतार लागतो. हातचा कुठंच धरावा लागत नाही. उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. कुठूनही वाचा, तेच. सतरा अंकी संख्या. 'लीलावती' या जुन्या गणितग्रंथातल्या स्थाननामांनी मोजली तर पहिला एक 'मध्य'च्या घरात बसतो, परार्धाच्या एकच पायरी अलीकडं.

देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर अशा संख्यांत रमले. मुंबईपासून तीस मैलांवरच्या एका स्टेशनात त्या सुचल्या, म्हणून त्यांना स्टेशनावरून 'डेम्लो' हे नाव दिलं. अकोट-खंडवा मीटरगेज २०१७ साली बंद होईपर्यंत आमच्याही स्टेशनावर गाडीची वाट बघायला वेळ भरपूर असायचा; तो आम्ही भावाच्या गप्पांत घालवला. मास्तरांच्या या नादाला कित्येकांनी पोरखेळ म्हटलं. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाचं लक्ष गेलं.

अंकांच्या बेरजेनं जिला निःशेष भाग जातो, ती संख्या मास्तरांच्या लेखी 'हर्षद'. आपल्या संख्येतल्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ नं तिला पुरता भाग जातो. भागाकार निघतो तो १२३४५६७९ चा वर्ग. नीट बघा, त्यात आठ नाही. आता दहा एक घ्या. मधल्या घरात दहा साचतात, हातचा पुढं सरकतो आणि उत्तर होतं १२३४५६७९००९८७६५४३२१. डौल मोडला, आणि डावीकडचा आठ इथंही गायब! आपण दहानं मोजतो, म्हणून ही शिस्त नवाशीच संपते.

यानं कापसाचा भाव वाढत नाही, कर्ज फिटत नाही. पण ज्या आकड्यांनी जन्मभर धाकात ठेवलं, त्यांच्याशी घटकाभर बरोबरीनं बसता येतं. कास्तकाराला हे सुख कमी नाही. तेव्हा मोबाईल बाजूला ठेवा, पेन्सिल घ्या आणि हा गुणाकार एकदा हातानं मांडाच.