कॅबिनेटच्या आतला रंग

बार्शीतील एका भुसार आडतीच्या पेढीवर दोन गाद्या, एक तिजोरी आणि कोपऱ्यात एक संगणक आहे. पेढीचे हिशेब बारा वर्षांपासून त्यातच आहेत. तूर-हरभऱ्याची धूळ खाऊन त्याचे लोखंडी कॅबिनेट आतून मळले होते, कडांना गंज धरला होता आणि पुढचा प्लॅस्टिकचा पांढुरका मुखवटा उजेडाने जुन्या कागदासारखा पिवळा पडला होता. दिवाळीपूर्वी पेढीला रंग देण्याचे ठरले, तेव्हा वडिलांनी नवा संगणक घेण्याचा विषय काढला. यंत्र तर उत्तम चालत होते. लाज आणीत होता तो केवळ डबा. व्यापाऱ्याला चालती वस्तू टाकवत नाही आणि तीच वस्तू गिऱ्हाइकासमोर कळकट दिसलेलीही सोसत नाही. या पेचात अकरावीतला मुलगा पुढे आला. डबा आपण रंगवू म्हणाला, बाहेरून आणि आतूनही.

आतून कशाला, तिथे कोण पाहतो, हा वडिलांचा साहजिक प्रश्न. मुलाने अ‍ॅपल कंपनीच्या 1984 सालच्या मॅकिंटॉशचा दाखला दिला. त्या संगणकाच्या कवचाच्या आतल्या बाजूला तो घडविणाऱ्यांच्या सह्या उमटवलेल्या होत्या. सामान्य ग्राहक ते कवच कधी उघडणारही नव्हता. वडील हसले. आजोबांना मात्र ते पटले. खातेवहीचे आतले पान गिऱ्हाइक पाहत नाही, म्हणून ते गिचमिड लिहायचे का, असे त्यांनी विचारले. वडिलांनी एकच अट घातली: हिशेबाच्या दोन प्रती आधी निघाल्या पाहिजेत, एक तिजोरीत राहील व एक घरी. ती पुरी झाल्यावरच स्क्रू निघाला.

रंगाचा डबा पिचकारीसारखा दाबला की काम झाले, असे पाहणाऱ्यास वाटते. प्रत्यक्षात बहुतेक श्रम रंगापूर्वीचे असतात. गंज पॉलिश पेपरने घासायचा, बोटांचा तेलकटपणा पुसायचा, प्रायमरचा पातळ हात द्यायचा. मग डब्यातील गोळी खुळखुळेपर्यंत आणि त्यानंतरही मिनिटभर डबा हलवायचा, वीतभर अंतर ठेवायचे आणि हात थांबू न देता एका कडेपासून दुसऱ्या कडेपलीकडे न्यायचा. हात थांबला की ओघळ आलाच. एका जाड थरापेक्षा तीन-चार पातळ थर बरे, आणि दोन थरांमध्ये धीर हवा. हा धीर सोळाव्या वर्षी कोठून आणायचा, हा भाग निराळा.

पहिली बाजू त्याने गच्चीवर रात्री दिव्याखाली रंगवली आणि वाळण्यासाठी तशीच ठेवली. सकाळी निळ्या रंगात बारीक पाखरे रुतलेली होती. आजी तेव्हा कपडे वाळत घालायला वर आली होती. ती रागावली नाही. चातुर्मास अजून संपलेला नाही एवढेच म्हणाली आणि पत्र्यापाशी बसून राहिली. मुलाने हात जोडून “मिच्छामि दुक्कडं” म्हटले. ती बाजू त्याने पुन्हा पत्रा दिसेपर्यंत घासली, पण बराच वेळ त्याला पॉलिश पेपर हाती घेववला नाही. पुढचे सारे काम दिवसा झाले. फवारणी मोकळ्या हवेत व्हायची आणि पत्रे ताबडतोब मलमल ताणलेल्या चौकटीखाली जायचे. पावसाळी दिवशी डबा उघडायचाच नाही, कारण दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते. आजीने आणखी एक नियम लावला: त्या डब्यातील वायू पेट घेणारा, म्हणून काम चालू असता गच्चीवर दिवा नाही, उदबत्ती नाही.

आतल्या भागांपाशी त्याची खरी परीक्षा होती. लाल रंग अंगात संचारला होता; पंखा, हार्ड डिस्क, सगळेच रंगवावेसे वाटत होते. पंख्याच्या पात्यांवर रंग कमीजास्त बसला की तोल जातो आणि पंखा थरथरतो. हार्ड डिस्कच्या झाकणावर हवेसाठी सूक्ष्म छिद्र असते, ते बुजवू नये अशी सूचना तिच्यावरच छापलेली होती. आणि पेढीची बारा वर्षे तिच्यातच होती. एसएमपीएस वीज काढल्यावरही आत भार धरून राहते, म्हणून ती न उघडता बाजूला ठेवली. मदरबोर्डला रंगाचा वाराही लागू दिला नाही. शेवटी लाल रंग मिळाला तो फक्त हार्ड डिस्क बसवायच्या रिकाम्या खणाला.

जोडणी झाली. चालू करण्यापूर्वी वडिलांनी वायरमनला बोलावले. त्याने वायर न जोडता मल्टिमीटरचे एक टोक एसएमपीएसच्या अर्थिंगच्या पिनेला लावले, दुसरे कॅबिनेटच्या एका उघड्या स्क्रूला. आवाज आला नाही. जागा बदलून पाहिली, तरी नाही.

“छोटे शेठ, भोकांतसुद्धा रंग मारलात की,” तो म्हणाला. “चालू होईलही. पण आतली वायर डब्याला लागली, तर करंट जमिनीत उतरणार कुठून?”

मास्किंग टेप पुढच्या बटणांना लावली होती; जिथे धातूला धातू भिडायला हवा, तिथे लावायचे राहिले होते. चार दिवसांचे काम सुटे झाले. एसएमपीएस टेकते ती कड, मदरबोर्डच्या उंचवट्यांची भोके, बाजूचा पत्रा भिडतो ती जागा, सगळीकडचा आपलाच रंग मुलाने खरवडून काढला. वडील न बोलता बॅटरी धरून उभे होते.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी वहीशेजारी निळे कॅबिनेट मांडले होते. पूजेनंतर आजोबांनी बाजूचा पत्रा काढायला लावला, चष्मा सावरून आत पाहिले आणि बोट दाखविले.

“इथे रंग द्यायचा राहिला वाटते.”

“राहिला नाही, आजोबा. काढला.”

मग वायर काढून, मागून आणलेल्या मल्टिमीटरची टोके त्याने आजोबांच्या हातात दिली. आवाज आला, तसा त्यांनी तो आणखी दोनदा वाजवून पाहिला.