काट्याने काढला काटा

माझ्याकडे दोन प्रेशर मीटर आलेत आणि गेले आठ दिवस मी घरात कोणाला दुसऱ्या विषयावर बोलू दिलेलं नाही! मनगटी घड्याळाएवढी तबकडी, त्यात एक काटा. बस्स. पण काय तो काटा!

तळेगावच्या आमच्या घरापुढे हिरवळीचा एक तुकडा आहे, त्यात सहा पॉप-अप स्प्रिंकलर. गेल्या वर्षी ते जमिनीतून डोकं वर काढायचे आणि पाणी थेट कुंपणाच्या जास्वंदीपर्यंत जायचं. यंदा मार्चपासून डोकी निम्मीच वर यायची, पाणी बुडाशीच गळायचं आणि मधली हिरवळ पिवळी पडत चाललेली. प्लंबर म्हणाला, "पंपात दम नाही राहिला, मोठा बसवा." मी हो म्हणणारच होते.

तेवढ्यात दिंडोरीच्या मामेभावाचा फोन आला. तो द्राक्षवाला. "ताई, पंपाला हात लावू नको. आधी मीटर लाव. आमच्या ड्रिपच्या फिल्टरला दोन्ही बाजूंनी असतात." आमच्या पंपाच्या फिल्टरवरही मीटरसाठी दोन बुचं आहेत, हे मला तेव्हा कळलं. दोन वर्षं मी त्यांच्यावर ओला नॅपकिन वाळत घालत होते.

लावली मीटरं. स्प्रिंकलर बंद, पंप चालू. फिल्टरच्या आधी २.६ किलो (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला), नंतरही २.६. म्हटलं, फिल्टर निर्दोष! मग स्प्रिंकलरचा व्हॉल्व्ह उघडला. आधीचा काटा २.४ वर थांबला आणि नंतरचा धाडकन ०.७!

अहो, थांबलेलं पाणी चुगली करतच नाही! वाट कितीही तुंबलेली असो, पाणी वाहत नसेल तर अलीकडे-पलीकडे प्रेशर सारखंच दिसतं. वाहायला लागलं, की प्रेशर अडथळ्यापाशी खर्च होतं. मी आपली व्हॉल्व्ह बंद ठेवून फिल्टरची परीक्षा घेत होते. १० मीटर उंचीच्या पाण्याचं प्रेशर साधारण १ किलो, म्हणजे ०.७ तर गच्चीवरच्या टाकीतून पंपाशिवायही मिळालं असतं. पॉप-अपला मात्र दोनेक किलो लागतं.

फिल्टर उघडला. जाळीच्या नळकांड्यावर शेवाळाचा मऊ, हिरवट थर. त्याखाली बोअरची रव्यासारखी वाळू. आणि तळाशी मसुराएवढे गोगलगायींचे तीन रिकामे शंख! ते मी काचेच्या बरणीत ठेवलेत, नवरा काहीही म्हणो. जुन्या टूथब्रशने जाळी घासली, परत बसवली, व्हॉल्व्ह उघडला. २.१ आणि २.०. आधीचा काटाही खाली आला, कारण आता पाणी खरोखर धावत होतं. चार फवारे थेट जास्वंदीवर!

दोन अजून मरगळलेलेच होते. त्यांची नॉझल फिरवून काढली, तर खाली शेंगदाण्याएवढी आणखी एक जाळी, तीही वाळूने भरलेली. धुतली, झालं. पंप जुनाच आहे.

तुम्हीही फिल्टर उघडणार असाल, तर आधी पंप बंद करा आणि एक नळ सोडून लाइनमधलं प्रेशर जाऊ द्या. मी हे केलं नव्हतं. झाकण शेजारच्यांच्या तुळशीत सापडलं.