विखुरलेलं जहाज वाचताना

इंदूरला समुद्र नाही, पण पाण्यात स्थिर राहायला मी इथेच शिकलो. नेहरू पार्कच्या तरणतलावात पहाटे हातपाय न हलवता नुसत्या श्वासावर राहायचं. श्वास घेतला की अंग वर येतं, सोडला की खाली जातं. पुढे तारकर्लीला पाठीवर टाकी चढली तेव्हा हीच सवय उपयोगी पडली.

आणि सर्वांत जास्त उपयोगी पडली ती श्रीलंकेत, पासिकुडाजवळ. 'ब्रिटिश सार्जंट' हे १९२२ साली बांधलेलं तेलवाहू जहाज तिथे तळाला आहे. ९ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी त्रिंकोमालीवर हल्ला केला. त्याच दिवशी 'हर्मिस' ही विमानवाहू नौका ३०७ जणांना घेऊन बुडाली, आणि हे जहाजही. यावरची माणसं मात्र वाचली. 'हर्मिस' पन्नास मीटरपलीकडे आहे, तिथे हौशी पाणबुड्याने जायचं नाही. हे साधारण २४ मीटरवर, दुभंगून पडलेलं.

पहिल्यांदा उतरलो तेव्हा जहाज दिसलंच नाही. पत्रे, फासळ्या, नळ, सगळा नुसता पसारा. उतावीळपणे पुढे सरकलो, फिनचा एक फटका तळाला लागला आणि गाळ उसळला. त्या खोलीवर दाब जमिनीपेक्षा जवळजवळ साडेतीनपट असतो, टाकीतली हवाही तेवढ्याच पटीने लवकर संपते. धापा टाकत मी ती आणखी उधळत होतो.

दुसऱ्या बुडीत थांबून राहिलो. जुन्या तेलवाहू जहाजात टाक्या पुढे आणि मध्ये, इंजिन-बॉयलर मागच्या टोकाला, एवढं घोकून गेलो होतो. समोर एक झडपेचं चाक दिसलं, करड्या-निळ्या रंगाचं. टॉर्च लावला तर त्यावर लालभडक स्पंज वाढलेला. इतक्या खोलवर लाल रंग उजेडाशिवाय दिसतच नाही. चाकाच्या आऱ्यांमधून एक लायनफिश सावकाश बाहेर आला. चाकाखालून जाड नळ निघाला होता. म्हणजे मी टाक्यांच्या भागात होतो, आणि बॉयलर शोधायचे ते मागच्या तुकड्यात. तिथून पुढे पसाऱ्याचं जहाज होऊ लागलं.

तिथे गेलात तर काही उचलू नका, एखादा नट-बोल्टसुद्धा. तुमच्या मागून येणाऱ्यालाही जहाज त्यावरूनच ओळखायचं आहे.