लकाकी : एका वडिलांच्या नावाची तीन अक्षरे

पुण्याच्या मॉडेल कॉलनीत लकाकी नावाचा रस्ता आहे. त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या अनेकांना हे नाव जपानी वाटते. काहींना ते एखाद्या देवीचे वाटते. प्रत्यक्षात ती केवळ आद्याक्षरे आहेत : लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर. उद्योगपती शंतनुराव किर्लोस्करांनी आपल्या पुण्यातील बंगल्याला वडिलांच्या नावाची ही तीन अक्षरे दिली आणि पुढे ती रस्त्यालाही चिकटली. आजचा धागा या तीन अक्षरांमागच्या माणसाविषयी आणि त्याने माळावर वसवलेल्या एका लहानशा गावाविषयी आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. संगीत नाटककार अण्णासाहेब किर्लोस्करही याच गावचे आणि याच कुळातले. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचे लक्ष मात्र पोथीपेक्षा चित्रात आणि कळसूत्रांत अधिक. वडिलांच्या मनाविरुद्ध, थोरले बंधू रामुअण्णा यांच्या पाठबळावर, लक्ष्मणराव १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. दोन वर्षांनी उमगले की त्यांना काही रंगांतला भेदच नीट दिसत नाही. चित्रकार होण्याचे स्वप्न तिथेच संपले. उरले यंत्रांचे रेखाटन. त्याला रंग लागत नाहीत, माप लागते. याच विद्येच्या बळावर त्यांना व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी मिळाली.

मुंबईत त्यांनी सायकल पाहिली. मग मुंबईहून सायकली घेऊन बेळगावी पाठवायच्या आणि तिथे रामुअण्णांनी त्या विकायच्या, असा दोघा भावांचा व्यापार सुरू झाला. त्या काळी सायकलची किंमत सातशे ते हजार रुपयांच्या घरात होती आणि ती चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये निराळे. किर्लोस्कर समूह आपला आरंभ १८८८ हा मानतो, तो या दुकानापासून. पुढे नोकरीत बढतीची वेळ आली, तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. त्यांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावी परतले.

बेळगावात कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले, त्यामागून लोखंडी नांगर आला. या नांगराची कथा शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. तिचे कारण मात्र क्वचित सांगितले जाते. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ती हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. ज्याची वर्षाची भाकरी एका तुकड्यावर अवलंबून आहे, तो नव्या अवजारावर सहजी विश्वास ठेवत नाही. फसले तर भरून देणारा कोणी नसतो. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. या दोन वर्षांत लक्ष्मणरावांच्या घरची चूल कशी चालली असेल, ते राधाबाईच जाणोत. उद्योगांच्या इतिहासात बायकांच्या वाट्याचा हा हिशेब कोणत्याच वहीत लिहिलेला आढळत नाही.

नांगर खपू लागला आणि नव्या उपनगरासाठी कारखान्याची जागा सोडण्याचा हुकूम बेळगावच्या नगरपालिकेकडून आला. तेव्हा लक्ष्मणराव औंध संस्थानात सभामंडपाच्या बांधकामाचे काम करत होते. १९०९ मध्ये गादीवर आलेले औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि लक्ष्मणरावांशी त्यांचा स्नेह होता. त्यांनी कुंडल रोड स्टेशनालगतची ३२ एकर जमीन दिली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. जमीन म्हणजे निवडुंग आणि नाग. १० मार्च १९१० रोजी लक्ष्मणराव त्या माळावर उतरले. किर्लोस्करवाडीचा हा जन्मदिवस.

थोरला मुलगा शंतनू तेव्हा सातव्या वर्षात होता. पुढे उतारवयात, १९८२ मध्ये, त्यांनी इंग्रजीत आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्याचे नाव ‘कॅक्टस अँड रोझेस’. शीर्षकातला निवडुंग या माळावरचाही आहे, असे मानायला हरकत नसावी.

या माळावर लक्ष्मणरावांना कारखाना उभारायचा होताच. शिवाय त्याच्याभोवती एक गावही हवे होते. परदेशांतील औद्योगिक वसाहतींविषयी त्यांनी वाचले होते आणि तसे काही आपल्याकडे व्हावे ही त्यांची जुनी इच्छा. जमलेली माणसे मोठी गमतीची होती. रामुअण्णांनी गावाची आखणी आणि व्यवस्था अंगावर घेतली. शंभुराव जांभेकर यंत्रांचे जाणकार. मंगेशराव रेगे हिशेब आणि पत्रव्यवहार सांभाळणारे. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, पण कल्पक. के. के. कुलकर्णी कॉलेज पुरे न केलेले, आणि विक्रीपासून कोर्टकचेरीपर्यंत पडेल ते काम करणारे. पदव्यांच्या तराजूत यांतले कितीजण उतरले असते, हा प्रश्नच आहे. लक्ष्मणरावांचा तराजू वेगळा होता.

या मंडळींत आणखी दोन नावे आहेत आणि त्यांच्यावाचून ही हकीकत अपुरी राहील : तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. दोघेही गुन्हेगारीच्या वाटेने जाऊन आलेले. लक्ष्मणरावांनी त्यांना वसाहतीचे रखवालदार नेमले. ब्रिटिश सरकार तेव्हा अख्ख्या जमातींनाच जन्मजात गुन्हेगार ठरवणारा कायदा राबवत होते. मूळचा १८७१ चा हा कायदा १९११ मध्ये अधिक व्यापक झाला. मुंबई इलाख्यात हे चालू असताना शेजारच्या संस्थानी माळावर एक कारखानदार रात्री आपल्या मालमत्तेची राखण अशा माणसांवर सोपवून निजत होता. जुन्या गावगाड्यात गावाची राखण रामोशांकडेच असे, हे लक्षात घेतले की या निर्णयात जितके धाडस दिसते तितकीच जुनी समजही दिसू लागते. दोघांनीही तो विश्वास राखला.

वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा दंडक होता. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातली ही गोष्ट आहे. महाडचा सत्याग्रह अद्याप व्हायचा होता. अर्थात हा सारा कारभार वडीलकीचा होता, हेही नोंदवायला हवे. मालक तोच, गावचा कर्ताही तोच. भाकरी आणि छप्पर एकाच हातून मिळत असताना ‘नाही’ म्हणणे कामगाराला किती सोपे असेल? लक्ष्मणरावांचा मोठेपणा मान्य करूनही हा प्रश्न शिल्लक राहतो.

१९२० मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ची नोंदणी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती देणारे ते पत्रक पुढे मराठीतले महत्त्वाचे मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघाले. नांगराचे फाळ ओतणाऱ्या भट्टीशेजारी छापलेली मासिके माजघरांत पोचत होती.

याच काळात लक्ष्मणरावांनी शंतनूला अमेरिकेला धाडले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन तो १९२६ मध्ये परतला. ज्याला स्वतःच्या आवडीचे शिकायला वडिलांच्या मनाविरुद्ध घर सोडावे लागले होते, त्याने मुलाला समुद्रापार शिकायला स्वतः पाठवले. परत आलेला मुलगा वडिलांपेक्षा निराळी यंत्रविद्या शिकून आला होता. अनेक घरांत इथेच ठिणगी पडते. किर्लोस्करवाडीत मात्र नांगरापाठोपाठ पंप आले, पुढे तेलइंजिने आली आणि कारभार हळूहळू मुलाच्या हाती गेला. १९४१ मध्ये हरिहरला, १९४६ मध्ये पुण्याला आणि बंगळूरला नवे कारखाने उभे राहिले. वाडी मात्र लक्ष्मणरावांचीच राहिली.

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. मारेकरी ब्राह्मण होता. त्यानंतरच्या दिवसांत दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे आणि उद्योग यांच्यावर जमाव चालून गेले. किर्लोस्करवाडीचा कारखानाही पेटवला गेला. लक्ष्मणराव ७८ वर्षांचे होते. जिथे जात पाळायची नाही असा नियम त्यांनी सुमारे चाळीस वर्षांपूर्वी घातला होता, तिथे मालकाची जात पाहून आग लावली गेली. निवडुंग तोडून वसवलेल्या जागेची राख पाहणे या वयात त्यांच्या वाट्याला आले. आग लावणाऱ्यांच्या मनात केवळ त्या आठवड्याचा संताप होता की गावगाड्यातली पिढ्यान्पिढ्यांची साचलेली चीडही होती, यावर इतिहासकारांनी पुष्कळ लिहिले आहे. एका चांगल्या माणसाच्या चांगल्या नियमाने ती चीड विझण्याजोगी नव्हती, एवढे खरे.

कारखाना पुन्हा उभा राहिला. भट्ट्या पेटल्या, पंप बाहेर पडू लागले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. २० जून १९६९ रोजी, जन्मशताब्दीच्या दिवशी, टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

पुण्याहून मिरजेकडे जाणारी गाडी आजही त्या माळाजवळ थांबते. स्टेशनाचे कुंडल रोड हे जुने नाव कधीच मागे पडले. पाटीवर आता किर्लोस्करवाडी असे लिहिलेले आहे. आणि मॉडेल कॉलनीत कुणीतरी रिक्षावाल्याला सांगत असते, ‘लकाकी रोडला घ्या.’