कालचा गोंधळ

‘आधीचं बरं होतं’ या म्हणण्यात नेमकी चूक कुठे आहे, ते मला अजून सापडलेलं नाही. बँडच्या जुन्या-नव्या अल्बमवरून पोरांचा वाद रंगात आला होता आणि कुणीतरी म्हटलं, ‘गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता.’ पोरं गप्प झाली. आमच्या कोल्हापूरच्या कसबा बावड्यात युक्तिवादाला उत्तर मिळतं, म्हणीला मिळत नाही.

ही पोरं स्ट्रायपर ऐकणारी. 1983 मध्ये कॅलिफोर्नियात उभा राहिलेला हा ख्रिस्ती हेवी मेटल बँड. अंगावर पिवळे-काळे पट्टे, बोधचिन्हात यशया 53:5 हा संदर्भ, आणि कार्यक्रम रंगात आला की मंचावरून गर्दीत फेकलेल्या नव्या कराराच्या प्रती. 1986 च्या ‘टू हेल विथ द डेव्हिल’ या अल्बमनं त्यांना शिखरावर नेलं. चार वर्षांनी ‘अगेन्स्ट द लॉ’ आला. त्यात पट्टे गेले आणि गाण्यांतून देवाचं नावही गेलं. चाहते दुखावले. वाजवणं मात्र तिथे जास्त धारदार आहे, असं मानणारेही आहेत. 2018 मध्ये ‘गॉड डॅम ईव्हिल’ या नावावरूनच वॉलमार्टनं तो अल्बम दुकानात ठेवायला नकार दिला. बँडचं म्हणणं, ही तर देवानं दुष्टाईला दोषी ठरवावं अशी विनवणी आहे. 2024 च्या अल्बमचं नाव ‘व्हेन वी वेअर किंग्ज’. चाळीस वर्षांनी बँड स्वतःच मागे वळून बघतो आहे, मग ऐकणाऱ्यानं बघितलं तर त्याला गाढव का म्हणायचं?

म्हण मात्र डोक्यातून जात नाही. तिच्यात गीता वाचणारा कोण होता, हे आपण कधी विचारत नाही. त्यानं कसं वाचलं? घाईत वाचलं, की नुसतं आपलं पाठांतर दाखवायला वाचलं? दोष ऐकणाऱ्याचा, हे म्हणीनं आधीच ठरवून टाकलं आहे. आणि आदल्या रात्री तिथे काय झालं होतं? गोंधळ झाला होता. दिवटी पेटली होती, संबळ कडाडत होता, तुणतुण्यावर आख्यान चाललं होतं, गावोगावच्या देवतांना नावानं बोलावणं गेलं होतं. त्यात आमची अंबाबाईही असणार. ती पूजाच होती. रात्रभर जागून, घाम गाळून, नाचून केलेली. दुसऱ्या दिवशी कुणी पोथी उघडून बसलं आणि दारात बांधलेल्या जनावराला कालची रात्र आठवली, तर त्यानं देवाला नाकारलं असं कसं म्हणता येईल? कदाचित देव त्याला कालच्या रात्रीतच भेटला असेल.

स्ट्रायपरवरही नेमका हाच वार झाला होता. अमेरिकेतले दूरचित्रवाणीवरचे धर्मोपदेशक जिमी स्वॅगर्ट यांना मैफलीत पवित्र शास्त्र फेकणं म्हणजे डुकरांपुढे मोती टाकणं वाटलं. मत्तयाच्या सातव्या अध्यायातला तो दाखला. म्हणजे दोन्हीकडे ग्रंथ वर आणि जनावर खाली. फरक एकच, पण मला तो फार मोठा वाटतो. त्या दाखल्यातली डुकरं मोती तुडवतात, बोलत नाहीत. आपल्या म्हणीतलं गाढव बोलतं. त्याला काल आठवतो, आज समोर दिसतो, दोन्हींची तुलना करून ते आपलं मत सांगतं. चाहत्याकडून आपण याहून वेगळं काय मागतो?

बोलणारी गाढवी तर पवित्र शास्त्रातच आहे. गणना या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात बलाम नावाचा संदेष्टा गाढवीवर बसून निघतो, वाटेत उपसलेली तलवार घेऊन देवदूत उभा असतो. संदेष्ट्याला तो दिसत नाही, गाढवीला दिसतो. ती आडवाटेला वळते, भिंतीला घासून चालते, शेवटी खाली बसते. तिन्ही वेळा मार खाते. मग परमेश्वर तिचं तोंड उघडतो. हे आठवलं की ‘काहीतरी चुकतंय’ म्हणून अडून बसणाऱ्या चाहत्याबद्दल मी सावध होतो. ‘अगेन्स्ट द लॉ’च्या वेळी जे अडले, त्यांना पुढे काहीतरी दिसत होतं का? की सवयीची वाट बदलली एवढ्यानंच ते बसले? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. बलामालासुद्धा ती आधी हट्टीच वाटली होती.

आणि गाढव म्हटलं की मराठी माणूस नाथांपर्यंत पोचतोच. रामेश्वराला वाहायची गंगेची कावड एकनाथांनी तापल्या वाळूत तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतली, ही कथा लहानपणी आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. आपण ती भूतदयेची म्हणून ऐकतो. मला मात्र तिचा संबंध नाथांच्या लिहिण्याशी वाटतो. 1573 मध्ये काशीत भागवताची टीका पुरी करणारा, संस्कृतात मुरलेला हा माणूस. त्यानंच भारुडं रचली. जोगवा रचला, गोंधळ रचला. गोंधळ्याचा वेष, त्याची बोली, त्याची देवी घेतली आणि त्यात अध्यात्म भरलं. म्हणजे ज्या दोन गोष्टींची म्हणीत झुंज लावली आहे, त्या या एका माणसात शेजारी नांदत होत्या. आदल्या रात्रीचा गोंधळ नाथांचा असता, तर गाढवाला गीता तिथेच मिळून गेली असती.

इथे मला दिलासा वाटायला हवा. ज्याला आवाज कळतो त्याला आवाजातून द्या, एवढं सोपं. मराठी ख्रिस्ती मंडळींनी ते केलंही. 1852 मध्ये रॉयल वाइल्डर कोल्हापुरात मिशनचं काम घेऊन आले. त्या काळच्या मिशनरी मंडळींबरोबर पश्चिमेकडच्या चालीही आल्या. पण त्याच शतकात नगरला कृष्णराव सांगळे ख्रिस्ताचं चरित्र कीर्तनातून सांगत होते, आणि 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजन उपासनेत आणलं. आज एखाद्या पाळकानं टिळकांची भजनं बाजूला ठेवून ड्रम लावले, तर वडीलधारी मंडळी आधीचं बरं होतं म्हणतील. आणि ज्या आधीच्याबद्दल ती बोलतील, ते एके काळी नवंच होतं.

पण हे उत्तर मला पुरत नाही. सगळं नवं काही जुनं होऊन गोड लागत नाही. टिळक टिकले, कारण त्यांच्या चालीखाली त्यांची तळमळ होती. वेष बदलला की तळमळ आपोआप येत नाही, आणि वेष उतरवला म्हणून ती जातेच असंही नाही. ‘अगेन्स्ट द लॉ’मध्ये देवाचं नाव नाही. तो अल्बम प्रार्थना असू शकतो का? मुलांपैकी एक ठामपणे म्हणतो, असू शकत नाही. दुसरा म्हणतो, त्यातल्या गिटारी ऐकून मला रडू येतं, त्याचं काय करू?

माझ्याकडे त्याला सांगण्यासारखं काही नाही. गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर टेप लावून राजाराम कारखान्याकडे जातात, गणपतीत डॉल्बीनं खिडक्यांच्या काचा थरथरतात, आणि मी वैतागतो. पण हलगी, घुमकं, कैताळ सुरू झालं की मीच दाराबाहेर येतो. त्या वेळी मला माझी श्रद्धा बाहेर बोलावते की माझं बालपण, हे मी वेगळं करू शकत नाही. मग ज्या पोराला सोळाव्या वर्षी त्या कर्कश म्हणवल्या जाणाऱ्या आवाजात पहिल्यांदा प्रार्थना करावीशी वाटली, त्यानं नवा अल्बम ऐकताना गाणं कोणत्या कानानं ऐकायचं आणि देवाची हाक कोणत्या? त्याला जुनं हवंय, की जुन्यात जो भेटला होता तो हवाय? आणि तो आता नव्यात असेल, तर हे त्याला कोण ओळखून देणार: बँड, पाळक, की त्याचेच अडून बसलेले मित्र?