आयपॉडची जवारी

अब्बांना स्मार्टफोन नको होता, आणि त्यात हट्ट काही नव्हता. साखरेने त्यांचा उजवा डोळा पूर्ण नेला, डाव्याला उजेड आणि सावली एवढंच कळतं. अशा माणसाच्या हातात फोन दिला की तो नुसता काचेचा तुकडा. बोलणारा फोनही करून दिला होता मी. पण ऐकता ऐकता बोट जरा कुठे टेकलं की भलतंच उघडायचं. एकदा त्यांनी नकळत मला व्हिडिओ कॉल लावला आणि पाच मिनिटं मला पुण्यात बसून फक्त त्यांचा कान दिसत होता. दुसरी अडचण अजानची. अजान सुरू झाली की गाणं बंद करायचं, ही त्यांची आयुष्यभराची सवय. फोनवर थांबवायची जागा सापडेपर्यंत अर्धी अजान होऊन जायची आणि ते ओशाळे व्हायचे.

"मला बटन असलेलं काहीतरी दे," ते म्हणाले. "बोटाला कळेल असं."

अब्बांच्या बोटांबद्दल सांगायला हवं. मिरजेत सतारी-तंबोऱ्यांच्या एका कारखान्यात त्यांनी चाळीस वर्षं काम केलं. पंढरपूरकडून आलेले भोपळे निवडण्यापासून सुरुवात केली आणि शेवटची पंधराएक वर्षं जवारी काढण्याचं काम त्यांच्याकडे होतं. तंबोऱ्याची घोडी कानशीने इतकी हलकी घासायची की तार तिच्यावर नेमकी टेकावी आणि आवाजाला ती गुणगुणती झालर यावी. हे काम डोळ्यांचं कमी, बोटांचं आणि कानांचं जास्त. डोळे गेल्यावरही काही दिवस लोक घरी तंबोरा घेऊन यायचे. मग साखरेने बोटांच्या टोकांनाही मुंग्या आणल्या आणि ते त्यांनी स्वतःहून थांबवलं.

राहिलं ते ऐकणं. दर्ग्यात मीरासाहेबांच्या उरुसाला खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. १९३७ साली खाँसाहेब गेले, त्यांची कबर दर्ग्याच्या आवारातच आहे. अब्बांनी तरुणपणापासून ही सभा चुकवली नाही. १९८०च्या दशकात एक टेपरेकॉर्डर मांडीवर ठेवून त्यांनी तिथली गाणी कॅसेटवर भरली होती. त्यातल्या चाळीसेक कॅसेटी मी लॉकडाऊनमध्ये लॅपटॉपवर उतरवून घेतल्या. आवाज खरखरीत, मध्येच कुणाचं तरी पोर रडतंय, पण अब्बांना त्याच हव्या असतात.

तर बटनवालं काहीतरी. मला आयपॉड आठवला. २००५ साली आलेला, ३० जीबीचा. त्याचं ते गोल चाक, मधलं उठून कळणारं बटन, चाकाच्या तळाशी दाबलं की गाणं थांबतं, परत दाबलं की सुरू. न बघता वापरता येण्यासारखं यंत्र. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी तो मला १,८०० रुपयांना मिळाला. विकणारा म्हणाला, "चालू आहे, फक्त चार्ज नाही." जुन्या बाजारात या वाक्याला काय किंमत असते हे मला माहीत होतं. तरी घेतला.

घरी चार्ज केला तर सुरू झाला. दोन गाणी वाजली आणि तिसऱ्याला आतून आवाज आला. टिक्. टिक्. टिक्. मग पडद्यावर कपाळाला आठ्या घातलेल्या आयपॉडचं चित्र.

या आयपॉडमध्ये गाणी साठवायला खरीखुरी हार्ड डिस्क असते, फक्त १.८ इंची. आत एक तबकडी मिनिटाला ४,२०० फेरे घेते आणि तिच्यावरून केसापेक्षा कितीतरी कमी अंतर ठेवून एक हेड सरकतं. तबकडीवरच्या खुणा हेडला सापडल्या नाहीत की ते मागे जागेवर जातं आणि पुन्हा प्रयत्न करतं. ती टिकटिक म्हणजे हे जाणं-येणं. वीस वर्षं खिशातून आणि बाजारातून फिरलेलं, किती वेळा पडलेलं कोण जाणे. यंत्राचा त्यात काही दोष म्हणता येणार नाही.

तपासणीचा एक छुपा मार्ग आयपॉडमध्ये आहे. मेनू आणि मधलं बटन दाबून धरून तो पुन्हा सुरू करायचा आणि चिन्ह दिसताच मधलं आणि मागे जायचं बटन दाबून ठेवायचं. मग डिस्कच्या तब्येतीचे आकडे दिसतात. खराब झाल्यामुळे बाजूला टाकलेल्या जागा चारशेच्या वर होत्या, आणि वाचता न येणाऱ्या, निकाल न लागलेल्या ४८. म्हणजे डिस्क मरायला टेकली होती. हे मला त्या दिवशी कळलं होतं. पुढे जे झालं त्यात मला अज्ञानाची सबब नाही, म्हणून हे स्पष्ट लिहितो.

मी तो उघडला. पुढचा प्लास्टिकचा भाग आणि मागचं चकचकीत पत्र्याचं झाकण आतल्या आकड्यांनी एकमेकांत अडकलेलं असतं. गिटारची पट्टी फटीत घालून ते एकेक सोडवायचं. आत बॅटरीची आणि हेडफोनची अशा दोन नाजूक पट्ट्या असतात, झाकण घाईने ओढलं तर त्या फाटतात. रबरी उशांत बसवलेली डिस्क, तिला जोडणारी कागदासारखी पट्टी. पट्टी काढून पुन्हा बसवली. इंटरनेटवर एक उपाय वाचला होता की व्हिजिटिंग कार्ड दुमडून डिस्कवर ठेवायचं आणि झाकण लावायचं, म्हणजे डिस्क नि पट्टी जरा दाबून बसते. ठेवलं. सगळं पुसून नव्याने फॉरमॅट केलं. आणि काय सांगू, वाजायला लागला! दोन तास वाजला. मी खूश. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मिरजेला जाऊन अब्बांच्या हातात दिला आणि त्याच रात्री परत आलो, कारण सोमवारी ऑफिस.

मी तपासून पाहिलं ते फिल्मी गाण्यांवर. इथे माझं चुकलं, आणि ही चूक समजून घेण्यासारखी आहे. बॅटरी वाचावी म्हणून आयपॉड डिस्क सतत फिरवत नाही. पुढची गाणी एकदम ३२ एमबीच्या मेमरीत उचलून घेतो आणि डिस्क थांबवतो. चार एमबीचं गाणं असेल तर सहा-सात गाण्यांची सोय होते. पण अब्बांचा एकेक ख्याल पन्नास मिनिटांचा, म्हणजे ४८ एमबी. तो एका घासात मावतच नाही. अर्ध्या तासाच्या आसपास, विलंबित संपून द्रुत धरायच्या बेताला, डिस्कला पुन्हा उठावंच लागतं. आणि तिथेच ती खराब जागेवर अडखळायची.

दर रविवारी मी फोन करायचो.

"आयपॉड चालतोय ना?"

"हो हो, छान."

"काल काय ऐकलंत?"

"पूरिया."

असे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी फोन अम्मीने उचलला. मी सहज विचारलं तर म्हणाली, "वो कब का बंद पड्या. खाली कान को लगा को बैठते." आधी तिलाही कळलं नव्हतं. कानाला हेडफोन, उजव्या हाताचा ठेका मांडीवर, चेहरा नेहमीसारखा. एके दिवशी तिने साफ करायला उचलला तेव्हा पडद्यावर तेच आठ्यांचं चित्र.

पुढच्या शनिवारी गेलो. अब्बांना विचारलं, सांगितलं का नाही?

"तू आठवड्यातून एकदा फोन करतोस," ते म्हणाले. रागाने नाही, अगदी सरळ. "त्यात काय गाऱ्हाणं सांगायचं?"

यावर मी काय बोलणार? गाणी काही गेली नव्हती, सगळी माझ्या लॅपटॉपवर सुखरूप होती. गेले ते तीन आठवडे, आणि ते माझ्यामुळे गेले होते. डिस्क चालणार नाही हे आकडे सांगत असताना मी कार्ड दुमडून वेळ मारून नेली होती.

ओसरीवर चादर अंथरून मी आयपॉड पुन्हा उघडला. अब्बा शेजारी बसले. डिस्क काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती कानाशी नेऊन हलवली, कडेने अंगठा फिरवला. मग ते दुमडलेलं कार्ड हाताला लागलं.

"हे काय?"

मी सांगितलं. ते हसले. तंबोऱ्याच्या तारेखाली सुताचा दोरा असतो, तो जरासा सरकवून जवारी लावतात. "दोरा सरकवून जमतं," अब्बा म्हणाले, "पण घोडीच झिजली असेल तर दोरा कितीही सरकव. गिऱ्हाईक दारातून बाहेर पडेपर्यंत वाजेल." चाळीस वर्षं त्यांनी गिऱ्हाइकाला असा दोरा सरकवून दिला नव्हता.

तशाच आकाराची जुनी डिस्क मिळते, पण तीही तितकीच म्हातारी. खरा उपाय म्हणजे डिस्क काढून तिच्या जागी एक छोटं अडॅप्टर बसवायचं, ज्यात मेमरी कार्ड बसतं. फिरणारं काहीच नाही, म्हणजे पडलं तरी भीती नाही. अडॅप्टर मागवलं, यायला बारा दिवस लागले आणि किंमत आयपॉडपेक्षा जास्त. ६४ जीबीचं कार्ड घातलं. अडॅप्टर डिस्कपेक्षा बारीक आणि हलकं, म्हणून मोकळ्या जागेत फोमचा तुकडा. या वेळी मात्र अब्बांचे ख्याल भरले आणि दोन दिवस, दोन रात्री अखंड वाजवून पाहिलं. विलंबितातून द्रुतात गेलेलं स्वतःच्या कानांनी ऐकलं.

मिरजेला नेऊन दिला. अब्बांनी हातात घेतला, चाळवला, वजन पाहिलं. झाकणाच्या कडेवरून नख फिरवून म्हणाले, "इथे फट राहिलीय." खरंच होती, दोनदा उघडल्यामुळे पत्रा किंचित वाकला होता. मग बटन दाबलं आणि वाट बघत बसले.

"बंद आहे."

"चालू आहे, अब्बा."

"नाही. आत काही हलत नाही."

मला कळायला वेळ लागला. डिस्क फिरायला लागली की आयपॉड हातात अगदी बारीक थरथरतो, कानाजवळ नेला तर घरघर ऐकू येते. आपल्याला पडदा दिसतो म्हणून तिकडे लक्ष जात नाही. अब्बांना यंत्र जागं आहे की झोपलंय हे कळायची तेवढीच खूण होती, आणि दुरुस्ती करताना मी नेमकी तीच काढून टाकली होती. आता सगळं मुकं.

त्यावर उपाय शोधताना रॉकबॉक्सशी ओळख झाली. जुन्या प्लेअरांसाठी हौशी लोकांनी लिहिलेली ही फुकट प्रणाली. २००१ साली काही स्वीडिश प्रोग्रॅमरांनी सुरू केली आणि ती अजून चालू आहे. दृष्टिहीन लोकांत ती प्रिय आहे, कारण तिला बोलता येतं. आयपॉडच्या आत टिकटिक करणारा एक इवलासा स्पीकरही असतो. रॉकबॉक्समध्ये तो चालू केला की चाक फिरवताना प्रत्येक घराला टिक् वाजतं, हेडफोन लावलेला नसला तरी. पहिल्यांदा ती टिकटिक ऐकली तेव्हा, खरं सांगतो, डिस्कच्या आठवणीने माझ्या पोटात गोळा आला. अब्बांनी मात्र दहा मिनिटांत घरं मोजायला सुरुवात केली.

आणि प्रत्येक फोल्डरचं नाव कुणाच्याही आवाजात रेकॉर्ड करून त्यात ठेवता येतं. चाक त्या फोल्डरवर आलं की तो आवाज नाव सांगतो. मी रेकॉर्ड करणार होतो. अब्बा म्हणाले, "तुझा आवाज नको, तू घाईत बोलतोस." अम्मीला बसवलं. तिने आधी आढेवेढे घेतले, मग पदर सारखा करून बसली, जणू फोटो काढायचाय. मी कॅसेटींच्या वेष्टनांवरून यादी लिहून दिली आणि ती एकेक वाचत गेली. खाँसाहेब. हिराबाई. गंगूबाई. दर्ग्याची सभा, पहिला दिवस. शाळेत धडा वाचावा तसं, प्रत्येक नावाआधी घसा साफ करून. घसा साफ केलेला मी काही कापला नाही.

आता रविवारी फोन केला की आधी आयपॉड वाजवून दाखवा म्हणतो. अब्बा तो फोनजवळ धरतात, टिक् टिक् ऐकू येते. गेल्या खेपेला त्यांनी एक तक्रारही केली, आपणहून. माझं अक्षर वाईट, त्यामुळे अम्मीने एका फोल्डरला मारुबिहागच्या ऐवजी मारवा म्हटलंय. मी म्हटलं, पुन्हा रेकॉर्ड करू. मागून अम्मीचा आवाज आला, "एक बार बोली सो बोली." त्यामुळे तो अजून मारवाच आहे. त्या घरावर आलं की अब्बा मोठ्याने "मारुबिहाग" म्हणतात आणि मग मधलं बटन दाबतात.