परतीची वाट

भारतात जखमी वा अनाथ वन्यप्राण्याला निव्वळ मायेपोटी घरी ठेवून घेता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानुसार विनापरवाना ताब्यात ठेवलेला असा प्राणी शासनाची मालमत्ता ठरतो, आणि तो हाती आलेल्या व्यक्तीने ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्यात वा अधिकृत अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक असते. बचाव केंद्रालाही, म्हणजे अशा प्राण्यांना आसरा व उपचार देणाऱ्या संस्थेलाही, केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते. ही अट जाचक वाटली तरी रास्तच आहे, कारण अननुभवी हातांत वाढलेले पिल्लू माणसाची भीती विसरते आणि जंगलाला कायमचे मुकते. म्हणूनच वजन, मलमपट्टी, आहाराची नोंद या रोजच्या कामांत पिंजऱ्यावर आच्छादन घालून प्राण्याला मनुष्याच्या नजरेआड ठेवणे हे सर्वांत कठीण व्रत ठरते. लोकशिक्षणासाठीही उपचाराधीन प्राणी दाखवला जाऊ नये. शक्य असेल तिथे तर पिल्लू आईकडेच परत सोपवले जाते: जुन्नर परिसरात ऊसतोडणीच्या वेळी सापडलेली बिबट्याची बछडी तपासून, अंधार पडताच त्याच फडाजवळ ठेवली जातात आणि अनेकदा मादी येऊन त्यांना उचलून नेते. असे बछडे दिसल्यास कोणीही त्याला हात लावू नये. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर तत्काळ कळवावे.